पाच मुलींचं कॉलेज

नालवाडीहून बोलते आहे. कुणी गहू निवडता निवडता ऐकत असेल, कुणी मशीनवर बसली असेल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे असू द्या.

परवा आमच्या गल्लीतली एक बाई म्हणाली, "पोरीला ज्या वर्गात जायचं आहे त्यात चारच पोरी आहेत. तिथं कशाला घालायचं नाव?" मी म्हटलं, चार कमी वाटतात होय? मग पाच मुलींच्या कॉलेजची गोष्ट ऐक. तीच आज तुम्हालाही सांगते.

हे कॉलेज पुण्याजवळ हिंगण्याला सुरू झालं, 1916 साली. नाव महिला पाठशाळा. काढलं महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी. आपण त्यांना अण्णासाहेब म्हणतो. पण त्याची सुरुवात शोधायची तर वीस वर्षं मागं जावं लागतं.

अण्णासाहेब पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. पहिली पत्नी वारल्यावर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तिथं त्या शिकल्या होत्या. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी अण्णासाहेबांवर बहिष्कार टाकला. पुढं 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेगची साथ होती. 1900 साली आश्रम गावाबाहेर, हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. अण्णासाहेब दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याला जायचे. वाट चिखलाची, खांद्यावर आश्रमाचं सामान.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आश्रमात फळा-खडू होता, तसंच राहायला छप्पर होतं, दोन वेळचं जेवण होतं आणि मुलींवर लक्ष ठेवणारं घरचं माणूस होतं. गोदूबाईंच्या धाकट्या बहिणीनं, पार्वतीबाई आठवल्यांनी, ही जबाबदारी घेतली. त्याही विधवा, मोठेपणी शिकलेल्या. संस्थेसाठी त्या गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. 1918 साली तर इंग्रजी फारसं येत नसताना अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, शिकल्या. आश्रमाच्या कामात कमीपणा वाटू नये, एवढंच नाही, दुसऱ्याच्या घरची भांडी घासण्यातही त्यांनी कमीपणा मानला नाही.

जपानमध्ये बायकांचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, असं एक पुस्तक अण्णासाहेबांच्या हाती आलं होतं. तसं आपल्याकडे का नको, असं त्यांच्या मनानं घेतलं. 1916 मध्ये विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न. आपल्याकडे त्या वयाला माणूस ओट्यावर बसून नातवंडं खेळवतो! कॉलेज उघडलं आणि मुली आल्या पाच. अण्णासाहेबांनी वर्ग भरवला.

शिकवायची भाषा मातृभाषा. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा होता. गांधीजींना मातृभाषेची गोष्ट पटली, इंग्रजीची सक्ती पटली नाही. अण्णासाहेब आपल्या मतावर राहिले, तरी गांधीजींनी पाठिंबा दिला. पुढं 21 वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, आपल्या वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिनंही मुलांना मातृभाषेतूनच शिकवावं असा ठराव केला. हिंगण्याच्या त्या माळावर हे आधीच चालू होतं.

1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले. त्यांच्या आईच्या नावावरून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी झालं. तेच आजचं एसएनडीटी. पण कायद्यानं मान्यता मिळायला 1951 साल उजाडलं. म्हणजे पस्तीस वर्षं या मुलींच्या पदवीवर सरकारचा शिक्का नव्हता. तरी आईबापांनी मुली पाठवल्या. कशाच्या भरवशावर? माझ्या मते, मुलगी तिथं कुणाच्या नजरेखाली राहील, काय खाईल, कुठं झोपेल, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

हे मला का सांगावंसं वाटतं? माझं माहेर आत खेड्यात. दहावीला मला चांगले गुण होते. वडिलांचा शिक्षणाला विरोध मुळीच नव्हता. ते एवढंच म्हणाले, "जाशील कशी? येशील कुणासोबत?" याचं उत्तर घरात कुणाकडं नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. माझं शिक्षण तिथंच थांबलं. लग्न होऊन मी इथं आले. इथून वर्धा हाकेच्या अंतरावर, कॉलेजात जाणाऱ्या पोरी रोज दिसतात. सुरुवातीला त्यांच्याकडं पाहून घशात काहीतरी अडकायचं. वडिलांचा राग नव्हता मला. वाटायचं, कुणीतरी तेवढी वाटेची सोय लावून द्यायला हवी होती.

म्हणून मैत्रिणींनो, निकाल लागला की पोरीला "पुढं शिकायचं का?" एवढंच विचारून थांबू नका. ती "हो"च म्हणेल. त्यापुढचं विचारा. एसटीचा पास काढला का? वसतिगृहाचा अर्ज भरायची शेवटची तारीख कोणती? हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, तेव्हा फाट्यावर कोण उभं राहील? ही कामं बापाची, आईची, मावशीची, शेजारणीची. गल्लीतल्या चार-पाच पोरी एकत्र निघाल्या, तर प्रत्येकीच्या घरची अर्धी काळजी मिटते.

त्या गल्लीतल्या बाईला मी शेवटी हेच म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या चौघी कुठून येतात, ते विचारून घेते. आमची धरून पाच होतील."

बरं तर, येते. नमस्कार!