टिटवाळ्याचा नवस आणि रखमाबाई

आमच्या टिटवाळ्याच्या महागणपतीस लग्न जुळावें म्हणून नवस बोलतात. बोलतात ते बहुधा आईबाप. मुलीस विचारून कीं न विचारतां, तें तो गजाननच जाणे! मुंबईच्या रखमाबाईंस कोणीं विचारलें नव्हतें. अकराव्या वर्षीं लग्न झालें. पुढें त्यांनीं दादाजी भिकाजींकडे नांदावयास साफ नकार दिला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दादाजींचा दावा फेटाळला. पण अपिलानंतर, १८८७ मध्यें, न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. बाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. (छडी नुसती दिसतांच नमणारे धीट विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत.) १८८८ सालीं दादाजींस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. बाई विलायतेंत डॉक्टर होऊन सुरतेस रुजू झाल्या. १९०४ सालीं दादाजी वारले, तेव्हां मात्र त्या विधवेचें पांढरें लुगडें नेसल्या.