धाप लागणाऱ्या बाईचा अर्धा तास

(वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत केलेले भाषण)

आज मी धापेबद्दल बोलणार आहे. आपल्या प्रत्येकीच्या घरात नाहीतर शेजारात अशी एखादी मावशी असते, जी चार पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहते. विचारलं तर म्हणते, "काही नाही गं, वय झालं."

माझी आईही हेच म्हणायची. तिने जन्मात कधी विडी ओढली नाही. पण चाळीस वर्षं ती चुलीपुढे बसली. लाकडं, गोवऱ्या, तुराट्या, मिळेल ते जाळलं. खोकला सुरू झाला तेव्हा क्षयाची तपासणी झाली. क्षय नाही म्हटल्यावर खोकल्याचं औषध देऊन तिला घरी पाठवलं. जोरात फुंकर मारायला लावून श्वास मोजतात, ती स्पायरोमेट्रीची तपासणी व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. बाई विडी ओढत नाही, मग तिला कसला फुप्फुसाचा आजार, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

या आजाराला सीओपीडी म्हणतात. यात श्वासनळ्या अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा नीट बाहेर पडत नाही. मग बाई चालायचं टाळते. चालणं टाळलं की पायाचे स्नायू झिजतात. झिजलेल्या पायांना तेवढंच अंतर चालायला जास्त कष्ट पडतात आणि धाप आणखी लवकर लागते. आपण मायेने म्हणतो, "बस आता, आराम कर." त्या आरामानेच ती खाटेला लागते.

म्हणून औषधांच्या जोडीला ठरवून केलेला व्यायाम हवा. त्याने फुप्फुस पुन्हा नवं होत नाही. पण पायात बळ येतं, धाप कमी होते, जास्त चालता येतं. हा व्यायाम घरी जमतो का? ऑस्ट्रेलियात मेलबर्नला हे तपासून पाहिलं. २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. १६६ रुग्णांचे दोन गट केले. एक गट आठ आठवडे केंद्रावर जाऊन व्यायाम करायचा. दुसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट एकदाच गेला आणि पुढे आठवड्याला एक असे सात फोन केले. चालण्याच्या चाचणीत घरचा गट मागे पडला नाही. वर्षभराने मात्र दोन्ही गटांचा फायदा ओसरला होता. म्हणजे आठ आठवडे करून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

करायचं काय? आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. मग सपाट जागी चालायचं. सुरुवातीला पाच मिनिटं, दमलं की थांबायचं, पुन्हा चालायचं. हळूहळू अर्ध्या तासापर्यंत जायचं. चालताना एखादं वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागू द्यायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करायचे. श्वास नाकाने घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांतून सावकाश सोडायचा. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले तर लगेच थांबून दवाखाना गाठायचा.

हे आईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "दिवसभर राबतेच की, आणखी व्यायाम कसला?" घरातलेही तेच म्हणाले. मैत्रिणींनो, इथेच आपली फसगत होते. घरकाम आपल्या श्वासाच्या वेगाने चालत नाही. पाणी आलं की हंडे भरावे लागतात, भाकरी तव्यावर असताना उठता येत नाही. व्यायामात कधी थांबायचं ते आपण ठरवतो. कामात ते दुसरे ठरवतात. शिवाय राबून थकलेल्या बाईला व्यायामासाठी त्राण उरत नाही. म्हणून तिच्या वाटणीचं थोडं काम घरात दुसऱ्या कोणीतरी उचललं पाहिजे. आमच्याकडे संध्याकाळचं पाणी भावाने भरायला घेतलं, तेव्हा कुठे आईचा अर्धा तास सुरू झाला.

"घरच्या घरी" म्हणजे "तुझं तू बघ" नव्हे. मेलबर्नच्या रुग्णांना दर आठवड्याला कोणीतरी फोन करून विचारत होतं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात स्पायरोमेट्री आणि फिजिओथेरपिस्ट असावा, ही मागणी आपण लावून धरायला हवी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस घरात आला. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. तो धूर चालू असेल, तर व्यायाम किती पुरा पडणार?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. मंडळातल्या दोघी-दोघींनी धाप लागणारी एक बाई निवडावी. तिला तपासणीला न्यावं. दर आठवड्याला तिच्या दारात जाऊन विचारावं, "किती चाललीस?" आणि घरच्यांना विचारावं, "तिचा अर्धा तास तिला मिळाला का?"

पुढच्या बैठकीला येताना अशा बायांची नावं घेऊन या.