सामाईक पाइपलाइन आणि ब्रँचचे नाव

अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायचा प्रघात आहे. मी मात्र एका लहानशा प्रश्नाला हात घालणार आहे: अनेक प्रकल्प एकच सीआय कॉन्फिगरेशन वापरत असतील, तर त्यात ब्रँचचे व्हेरिएबल कुणी वाचावे? माझे म्हणणे असे, की ब्रँचचे नाव हा बाहेरून आलेला मजकूर आहे. काय प्रॉडक्शनला जाणार हे त्या मजकुरावरून सामाईक टेम्प्लेटने ठरवू नये. ते प्रकल्पाने ठरवून टेम्प्लेटला इनपुट म्हणून कळवावे.

गिटलॅबमधले ‘सीआय_कमिट_ब्रँच’ घ्या. मर्ज रिक्वेस्टच्या किंवा टॅगच्या पाइपलाइनमध्ये ते नसतेच. ‘ब्रँच मेन नसेल तर जॉब चालवा’ असे लिहिणाऱ्याच्या मनात फीचर ब्रँच असते. पण न दिलेले मूल्यही ‘मेन’ नसल्यामुळे तो जॉब टॅगवरही धावतो. जेनकिन्सच्या मल्टिब्रँच पाइपलाइनमध्ये पुल रिक्वेस्टसाठी ‘ब्रँच_नेम’ उघडून पाहिले, तर त्यात सहसा ‘पीआर-१२’सारखे काही सापडते. गिटलॅबच्याच ‘सीआय_कमिट_रेफ_स्लग’ची गंमत आणखी वेगळी: अक्षरे व अंक सोडून बाकी सगळ्याची आडवी रेघ होते आणि नाव ६३ बाइटांत बसवले जाते. त्यामुळे ‘फीचर/लॉगिन’ आणि ‘फीचर-लॉगिन’ या दोन ब्रँचना एकच स्लग मिळतो, आणि त्यावरून नाव घेतलेली रिव्ह्यू एन्व्हायर्नमेंट एकमेकींवर चढतात. एका प्रकल्पात ही चूक पाच मिनिटांत सापडेल. सामाईक टेम्प्लेटमध्ये ती असेल, तर प्रत्येक टीम आपापल्या कोडमध्येच दोष शोधत बसते.

सुरक्षेची बाजू याहून गंभीर आहे. गिट ब्रँचच्या नावात डॉलर, कंस, अर्धविराम चालवून घेते. डिसेंबर २०२४मध्ये अल्ट्रालिटिक्सच्या पायथन पॅकेजवर झालेला हल्ला याच वाटेने आला. त्यांच्या सामाईक गिटहब अ‍ॅक्शनमध्ये पुल रिक्वेस्टच्या ब्रँचचे नाव थेट शेल कमांडमध्ये जात होते. हल्लेखोराने नावातच आज्ञा लिहिली, आणि पुढे ८.३.४१ व ८.३.४२ या आवृत्त्यांतून क्रिप्टो मायनर वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला. नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, अवतरणचिन्हांत दिले असते तर शेलने ते निव्वळ मजकूर मानले असते.

यावर पहिला आक्षेप असा, की नावांची शिस्त पाळली की झाले. पण शिस्तही बदलते. गिटहबने ऑक्टोबर २०२०पासून नव्या रिपॉझिटरींना ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ हे नाव दिले. ‘मास्टर’ कोरून ठेवलेल्या टेम्प्लेटमधला डिप्लॉयचा जॉब अशा प्रकल्पात वगळला जातो आणि पाइपलाइन हिरवी ती हिरवीच. इथे ‘सीआय_डिफॉल्ट_ब्रँच’शी तुलना करणे मला मान्य आहे, कारण ते मूल्य प्रकल्पाच्या सेटिंगमधून येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक प्रकल्पाने इनपुट द्यायचे, तर पुनरुक्ती आली. आली खरी. पण ती दोन-तीन ओळींची, आणि डिप्लॉय कधी होतो हे विचारणाऱ्याला उत्तर त्याच प्रकल्पाच्या फाइलमध्ये मिळते. गिटलॅबने टेम्प्लेटच्या इनपुटची सोय केली आहे, तिथे प्रकार व अनुज्ञेय मूल्ये बांधून देता येतात. चुकीचे मूल्य दिले तर पाइपलाइन तयारच होत नाही. ब्रँचच्या नावात टंकदोष झाला, तर असे कुणी अडवत नाही.