संगणकातला भोवरा

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. गणिताशी संबंध शाळेतच संपला. तरी आज पाण्याच्या गणिताबद्दल बोलणार आहे. माझ्या इंजिनियर भाच्यानं एकदा संगणकावर फिरणारं पाणी दाखवलं. मी 'वा!' म्हणालो. तो म्हणाला, "मामू, वा कसली? हे चुकलंय."

चित्र तर देखणं होतं.

त्यानं समजावलं ते असं. पाण्यानं काठोकाठ भरलेला चौकोनी डबा कल्पावा. भिंती स्थिर, झाकण तेवढं एका दिशेनं सारखं सरकतंय. झाकणालगतचं पाणी ओढलं जातं, भिंतीशी खाली वळतं आणि मधे मोठा भोवरा होतो. तळाच्या कोपऱ्यांत उलटे फिरणारे छोटे भोवरे. १९८२ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाच्या ऊर्मिला घिया, कीर्ती घिया आणि सी. टी. शिन यांनी या डब्याचं गणित २५७ गुणिले २५७ बिंदूंच्या जाळीपर्यंत सोडवून वेगांचे तक्ते छापले. नवी पद्धत आजही त्यांच्याशी ताडून पाहतात.

भाच्याचा भोवरा तक्त्यापेक्षा मंद होता. जाळी विरळ आणि हिशेब ढोबळ असला, की गणित पदरचा चिकटपणा पाण्यात मिसळतं. पाण्याची काकवी होते, आणि चित्र उलट जास्तच गुळगुळीत दिसतं! मी चपापलो. वृत्तात चोख बसलेल्या पोकळ ओळींना आम्हीही दाद देतोच की. पण याच पद्धतींनी हृदयाच्या झडपेतल्या रक्तप्रवाहाचा हिशेब होतो. तिथे काकवी कशी चालेल?

मी विचारलं, "तो तक्ताही संगणकाचाच ना? त्याला कोण तपासणार?" प्रश्न त्याला आवडला. जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये विरत जाणाऱ्या भोवऱ्यांचं अचूक उत्तर कागदावर काढून ठेवलंय. संगणकाला तेच सोडवायला द्यायचं. मग जाळीतलं अंतर निम्मं करायचं, वेळेचे टप्पेही लहान. ढोबळ पद्धतीत चूक निम्मी होते. चांगल्या पद्धतीत ती चौथाईवर यायला हवी. नाही आली, तर आज्ञावलीत कुठेतरी गफलत आहे. शिवाय पाणी दाबून आकसत नाही, म्हणून जाळीच्या प्रत्येक घरात आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे. टेलरच्या गणितात भिंती मात्र नाहीत, म्हणून डबाही हवाच.

भाच्यानं पद्धत बदलली. दोन दिवसांनी रात्री फोन आला, "मामू, चौथाई झाली! आता डबा लावतोय."