विजेवर चालणारी सायकल : नित्याच्या प्रवासाची कसोटी



पुणे शहराची ओळख एके काळी 'सायकलींचे शहर' अशी होती. कारखान्यात जाणारा कामगार, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, कचेरीची वेळ गाठणारा कारकून आणि शाळेकडे निघालेला शिक्षक या सर्वांचे वाहन सायकल हेच असे. पुढे शहर वाढले. उपनगरे टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोहोचली. घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर दोन-तीन किलोमीटरवरून सात-आठ किलोमीटरवर व कित्येकदा त्याहूनही पुढे गेले. स्वारगेटकडून कात्रजकडे किंवा पौड फाट्याकडून चांदणी चौकाकडे जाणारा चढ रोज संध्याकाळी थकलेल्या पायांनी चढणे अनेकांना अवघड वाटू लागले. सायकल जिन्याखाली गेली आणि तिची जागा स्वयंचलित दुचाकीने घेतली. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मान्य केला, तो या पार्श्वभूमीवर.

विजेच्या साहाय्याने चालणारी सायकल आता शहरात व तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. चढावर घाम न येता कार्यालयात पोहोचता येते, इंधनाचा खर्च वाचतो आणि धूर होत नाही, असे तिच्याविषयी सांगितले जाते. यात तथ्य आहे. तथापि मर्यादित वेतनावर संसार चालविणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही खरेदी लहान नव्हे. म्हणून तिची पारख कशी करावी याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

साहाय्य म्हणजे काय?

या वाहनाचे मूळ तत्त्व समजून घेतले म्हणजे पुढील गोष्टी सोप्या होतात. जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ साली विद्युत् साहाय्य असलेली सायकल बाजारात आणली. पायडलवर पडणारा जोर मोजून त्या प्रमाणात मोटरने भर घालावी, अशी तिची योजना होती. पाय थांबले की मोटरही थांबते. चालविणाऱ्याच्या श्रमाला जोड देणे हा या योजनेचा गाभा होय. आज मिळणाऱ्या सायकलींपैकी काहींत मोटर चाकाच्या मध्यभागी, तर काहींत पायडलच्या कण्यापाशी बसविलेली असते. काहींना पायडल न मारता केवळ मूठ पिळून चालविण्याचीही सोय असते.

या साहाय्याची गरज किती, हे हिशेबाने पाहता येते. चालविणाऱ्याचे वजन ७० किलो व सायकलीचे २५ किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाण्यासाठी सुमारे ६० वॉट शक्ती पुरते. निरोगी माणूस ती बराच वेळ देऊ शकतो. मात्र १०० मीटर अंतरात ३ मीटर उंची वाढविणारा चढ लागला, तर तोच वेग राखण्यासाठी सुमारे १७५ वॉट लागतात. नेहमीच्या माणसाला ही मजल फार वेळ झेपत नाही. या ठिकाणी मोटरने १०० वॉटची भर घातली की चढाचा रस्ता जवळजवळ सपाट रस्त्यासारखा वाटू लागतो. चढ, समोरचा वारा आणि चौकात थांबून पुन्हा निघणे, या तीन प्रसंगी विजेचा खरा उपयोग आहे.

कायद्याची मर्यादा

पहिली कसोटी कायद्याची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तरतुदीनुसार साहाय्यक मोटरची, तीस मिनिटे सातत्याने देता येणारी शक्ती ०.२५ किलोवॉटहून कमी असावी लागते. वेग वाढेल तसे मोटरचे साहाय्य क्रमाने कमी होऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा पायडल मारणे थांबताच, ते बंद व्हावे लागते. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असणेही आवश्यक आहे. या अटी पूर्ण होत असल्याचे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केले असेल, तर ते वाहन मोटार वाहन समजले जात नाही. अशा चाचणी संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यातच आहे.

याचा व्यावहारिक अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. दुकानात 'सायकल' म्हणून विकले जाणारे वाहन याहून अधिक शक्तीचे वा वेगाचे असेल, किंवा खरेदीनंतर कोणी वेगाची मर्यादा काढून टाकली असेल, तर ते मोटार वाहन ठरते. मग नोंदणी, परवाना, विमा आणि शिरस्त्राण ही सर्व बंधने लागू होतात. दुर्दैवाने अपघात होऊन कोणी जखमी झाले, तर विम्याविना रस्त्यावर आणलेल्या वाहनाच्या नुकसानभरपाईचा बोजा थेट मालकाच्या कुटुंबावर पडू शकतो. 'अधिक वेग देतो' असे विक्रेता उत्साहाने सांगू लागला, तर त्याच क्षणी प्रमाणपत्र मागावे, हे उत्तम. सायकल कायद्याच्या मर्यादेत असली, तरी डोक्यावर हेल्मेट असणे शहाणपणाचेच.

बॅटरी आणि खरे अंतर

दुसरी कसोटी अंतराची. एका भारणीत किती किलोमीटर, हा आकडा जाहिरातीत ठळक असतो. परंतु तो सपाट रस्त्याचा, हलक्या चालकाचा आणि नव्या बॅटरीचा असू शकतो. त्यापेक्षा बॅटरीत वीज किती मावते हे पाहावे. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॉट-तास ऊर्जा असते. पायडल मारीत मध्यम साहाय्य घेतल्यास किलोमीटरमागे साधारण १० ते १२ वॉट-तास खर्च होतात, असे धरले तर ३० ते ३६ किलोमीटर अंतर निघते. केवळ मोटरवर विसंबून पूर्ण वेगाने गेल्यास हे अंतर बरेच घटते. कारण ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटर वेगाने जाताना हवेचा विरोध वाढतो आणि प्रत्येक किलोमीटरला सुमारे पावणेदोन पट ऊर्जा लागते.

कोथरूड डेपोच्या परिसरातून शिवाजीनगरला रोज जाणाऱ्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. जाण्याचे अंतर सात-आठ किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन सुमारे सोळा. सकाळी जाताना रस्ता बहुतांशी उताराचा, तर परतताना चढाचा. सकाळची फेरी पाहून बॅटरी उदंड पुरेल असे वाटते. तिची परीक्षा संध्याकाळी होते. शिवाय वापराने बॅटरीची क्षमता हळूहळू कमी होत जाते. म्हणून नवी असताना तिने नित्याच्या फेरीच्या निदान दीडपट, म्हणजे या उदाहरणात २४ किलोमीटर अंतर, त्याच रस्त्याने आणि नेहमीच्या सामानासह प्रत्यक्ष कापून दाखवावे.

बॅटरी भारण्याविषयीही काळजी हवी. सोबत मिळालेलाच चार्जर वापरावा. फुगलेली, आपटलेली वा पाण्यात भिजलेली बॅटरी भारू नये. जिन्याखाली किंवा घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर ती भारण्यास लावणे धोक्याचे आहे, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतल्यास आग झपाट्याने पसरते. सर्व मंडळी झोपेत असताना ती भारण्यास न लावणे हेच बरे.

रोजच्या वापरातील बारकावे

तिसरी कसोटी रोजच्या सोयीची. विद्युत् सायकल साध्या सायकलीपेक्षा जड असते. घर वरच्या मजल्यावर असेल, तर ती उचलून नेता येईल का, की बॅटरी वेगळी काढून घरात आणता येते, हे पाहावे. वजन व वेग दोन्ही वाढल्यामुळे ब्रेक अधिक सक्षम हवेत. रिमवर घासणारे रबरी ब्रेक पावसात उशिरा पकडतात. ब्रेक दाबताच मोटर बंद होते की नाही, हेही तपासावे. मडगार्ड, कॅरिअर, मजबूत स्टँड, दिवा आणि घंटी या गोष्टी प्रवासात रोज लागतात. त्या नसतील, तर त्यांचा खर्च किमतीत मिळवावा. मोटर असलेल्या चाकाचे पंक्चर गावातील नेहमीच्या दुकानात निघते का, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी शाळेची घंटा गाठू पाहणाऱ्या शिक्षकाला तो महत्त्वाचा आहे.

खर्चाचा ताळेबंद

महिन्यात २५ दिवस, रोज १६ किलोमीटर, म्हणजे ४०० किलोमीटर प्रवास होतो. भारतानाची गळती धरूनही यास सुमारे ६ युनिट वीज लागेल. युनिटचा दर १० रुपये धरला तर खर्च ६० रुपये. हाच प्रवास लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरने केला, तर सुमारे ९ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा दर १०० रुपये धरता ९०० रुपये. म्हणजे वर्षाकाठी दहा हजार रुपयांची बचत.

हा हिशेब येथेच थांबविल्यास मात्र दिशाभूल होईल. एका भारणीत ३० किलोमीटर धरले, तर महिन्याला सुमारे १३ पूर्ण भारण्या होतात. बॅटरीचे आयुष्य ५०० भारण्यांचे मानले, तर ती तीन वर्षांच्या आसपास उतरणीला लागेल. सायकलीची किंमत ३० हजार असेल, तर ती वसूल होण्याचा आणि नव्या बॅटरीची तरतूद करण्याचा काळ जवळजवळ एकच येतो. म्हणून खरेदीच्या दिवशीच बॅटरीची हमी किती वर्षांची, त्या हमीत क्षमतेची घट धरली आहे का, आणि नवीच्या किमतीचा आज काय भाव आहे, हे लेखी घ्यावे. नवी बॅटरी पुढे मिळणारच नसेल, तर स्वस्त सायकलही महाग पडते.

संस्थांचे कार्य

कार्यालये, शाळा आणि ग्रामपंचायती यांनाही येथे काही करता येण्याजोगे आहे. छपराखाली सायकल ठेवण्याची जागा आणि देखरेखीखाली बॅटरी भारण्याची सोय यांस फार खर्च येत नाही. संस्थेसाठी एकदम अनेक सायकली घेण्याऐवजी प्रथम एक घ्यावी. ती निरनिराळ्या वयाच्या, वजनाच्या कर्मचाऱ्यांनी, विशेषतः महिला कर्मचाऱ्यांनी, आठ-आठ दिवस आपापल्या रस्त्यावर वापरून पाहावी. अंतर, भारणीचा वेळ व दुरुस्तीची नोंद वहीत ठेवावी. अशी वही कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वसनीय ठरेल.

शेवटी एक साधी चाचणी प्रत्येकाने करावी. खरेदीपूर्वी मोटर बंद करून ती सायकल एक किलोमीटर चालवावी. वीज गेल्याने भारणी राहिलेल्या दिवशी, किंवा वाटेत बॅटरी संपल्यावर, ती याच प्रकारे घरापर्यंत न्यावी लागणार आहे. जी सायकल विजेविनाही बेताच्या श्रमाने चालते, चढावर हात देते, कायद्याच्या मर्यादेत राहते आणि गावात दुरुस्त होते, ती घेण्यास हरकत नाही. तशी ती नसेल, तर जिन्याखालची जुनी सायकल स्वच्छ करून, तेल घालून, जवळच्या कामांसाठी पुन्हा बाहेर काढणे हाही पर्याय खुला आहेच.