स्टीअरिंग हातात, कागद कुणाच्या नावावर?

(आमच्या गटाच्या कार्यकर्ता शिबिरात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



सकाळी आपण सातबाऱ्यावर आणि घराच्या कागदावर बाईचं नाव लावण्याबद्दल बोललो. आता मला गाडीबद्दल बोलायला सांगितलंय. गाडी म्हणजे चैन, तिचा स्त्रीप्रश्नाशी काय संबंध, असं काहीजणींना वाटेल. पण बाहेर अंगणात बघा, किती स्कूट्या उभ्या आहेत! आशा सेविका, शिक्षिका, नर्स, पतपेढीची वसुली करणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या अशा आपल्यातल्याच बायकांच्या त्या आहेत. रात्री साडेनऊला शेवटची एसटी निघून गेली तरी सभा अर्धी टाकून उठावं लागत नाही, ते या गाडीमुळे. आणि आता बऱ्याच जणी चारचाकीही शिकतायत.

मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करते. सुरुवातीला माझ्याकडे येणारी बाई ही कुणाची तरी विधवा नाहीतर कुणाची तरी आई असायची. नवरा चालवणार, बाई मागे बसणार, हेच गृहीत होतं. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत आच्छादन हवं, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकता कामा नयेत, असा नियम १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. चांगलाच नियम आहे. पण आता साडीवाली पुढे येऊन बसली आहे, आणि पुढे बसणारीला वेगळे नियम आणि वेगळे कागद लागतात.

कागद तीन. लायसन, आरसी म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आणि विम्याची पॉलिसी. क्लासवाला क्लच, ब्रेक, गिअर शिकवतो. हे तीन कागद वाचायला कुणी शिकवत नाही. घरात विचारलं तर ‘ते मी बघतो, तू चालवायला शिक’ असं उत्तर मिळतं. आज आपण तेच बघायचं आहे.

शिकाऊ लायसन म्हणजे काय?

वय १८ पूर्ण झालं की शिकाऊ लायसन काढता येतं. बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी असेल तर १६व्या वर्षी. पण आजच्या बहुतेक स्कूट्या १०० सीसीच्या वर आहेत, तेव्हा ‘मुलगी १६ची झाली, दे स्कूटी’ हे चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने किंवा मुलीने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मालक कोण? जिचं नाव आरसीवर आहे ती. आईच्या नावावर स्कूटी असेल तर आई.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. या काळात गाडी चालवण्याच्या तीन अटी १९८९च्या नियमांतल्या तिसऱ्या नियमात दिल्या आहेत. त्या पाठ करा.

एक, चालू मुदतीचं शिकाऊ लायसन हवं, आणि ते त्याच प्रकारच्या गाडीचं हवं. स्कूटीच्या लायसनवर कार शिकता येत नाही.

दोन, सोबत शिकवणारी व्यक्ती हवी. तिच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन हवं आणि गाडी ताब्यात घेता येईल किंवा थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. म्हणजे शेजारच्या सीटवर. मागच्या सीटवर बसून ‘हळू, हळू’ म्हणणारा दीर चालणार नाही. शेजारी बसलेली पण लायसन नसलेली मैत्रीणही चालणार नाही. दुचाकी शिकताना शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायचं नाही, शाळेत सोडायच्या मुलालासुद्धा नाही.

तीन, गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. ‘एल’ लावला की लोक मुद्दाम हॉर्न वाजवतात, कट मारतात, म्हणून बायका तो काढून ठेवतात. हे मी अनेकींकडून ऐकलंय. तरीही काढू नका. त्याचं कारण विम्यात आहे.

विमा शिकणारीला पाळतो का?

विम्याचे दोन भाग समजून घ्या. पहिला थर्ड पार्टी. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, दुसरा जखमी झाला किंवा त्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई या भागातून होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने हा विमा सक्तीचा केला आहे. सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. दोन्ही मिळून होते ती पॅकेज पॉलिसी.

आता पॉलिसीत ‘ड्रायव्हर’ असा मथळा असलेलं एक कलम असतं, ते शोधा. त्यात पक्क्या लायसनवाल्याबरोबरच शिकाऊ लायसनवाल्यालाही गाडी चालवायची मुभा असते, पण त्याने तिसऱ्या नियमाच्या अटी पाळल्या पाहिजेत. म्हणजे मघाशी सांगितलेल्या तीन अटी पॉलिसीतच येऊन बसल्या आहेत. शेजारी लायसनवाला नव्हता, ‘एल’ नव्हता, की कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. गाडी सोसायटीच्या खांबावर घासली तर नुकसान हजारांत असतं. माणसाला धडक बसली तर ते लाखांत जातं.

शिकाऊ लायसन हे लायसनच नव्हे, असा युक्तिवाद कंपन्या करत असत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४मध्ये स्वर्णसिंग खटल्यात तो खोडून काढला. शिकाऊ लायसन असणारी व्यक्तीही कायद्याने लायसनधारकच आहे, असं तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं. कंपनीला पॉलिसीची अट मोडल्याचं कारण पुढे करायचं असेल तर मालकाचा त्यात दोष होता हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि अट मोडलेली असली तरी अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की जखमीला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीने हे न्यायाचंच आहे. पण ‘मालकाकडून वसूल करा’ हे शब्द लक्षात ठेवा.

नावावर गाडी, पण कशासाठी?

कारण मालक पुष्कळदा बाई असते, फक्त कागदावर. कर्ज तिच्या पगारावर मिळतं म्हणून, किंवा नवऱ्याच्या नावावर आधीच दोन गाड्या आहेत म्हणून, गाडी तिच्या नावावर घेतात. चालवतो तो. विम्याचा हप्ता कधी भरला, कधी चुकला, तिला पत्ता नसतो. एक दिवस न्यायाधिकरणाची नोटीस येते आणि तिच्यावर तिचं नाव असतं. अशा बाया माझ्यासमोर बसून म्हणतात, ‘वकीलबाई, मी तर त्या गाडीत कधी पुढे बसलेही नाही.’ कायदा एवढंच बघतो की आरसी कुणाची. विमा संपलेला असेल तर भरपाईचा बोजा तिच्यावर येतो.

याची उलटी बाजूही आहे. गाडी नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर आणि चालवते ती. पॉलिसीत ‘मालक-चालक’ अपघात विमा असतो. २०१८च्या सप्टेंबरात विमा नियामक प्राधिकरणाने त्याची रक्कम १५ लाख केली. तो कुणाला मिळतो? आरसीवर नाव, पॉलिसीवर नाव आणि लायसन, तिन्ही ज्याचं आहे त्यालाच. नवऱ्याच्या नावची गाडी चालवताना, दुसऱ्या कुणाचाही दोष नसताना, बाईला अपघात झाला तर हे १५ लाख तिच्यासाठी नाहीत. आणि गाडी जिच्या नावावर आहे पण जिने लायसन काढलेलं नाही, तिच्यासाठीही नाहीत.

अशा वेळी थर्ड पार्टीतून मिळेल, असं वाटतं. तेही अवघड आहे. २००९च्या निंगम्मा खटल्यात एका विधवेने दावा केला होता. तिचा नवरा दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन चालवत होता आणि बैलगाडीला धडकून गेला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी मागून नेणारा हा मालकाच्या जागी येतो, तेव्हा दोष सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली तो ‘तिसरा’ म्हणून मागू शकत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज घरातल्याच गाड्या अशा ‘मागून’ चालवतात.

मग करायचं काय? जी गाडी मुख्यतः तुम्ही चालवता ती तुमच्या नावावर असू द्या. ते जमत नसेल तर थोडा जास्त हप्ता भरून पॉलिसीत तुमचं नाव घालून वेगळा अपघात विमा घेता येतो. एजंटला तो मागा. मागितल्याशिवाय तो सांगेलच असं नाही.

नवरा गेल्यावर गाडी तशीच वापरत राहणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. पॉलिसी मालकाच्या मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवरच चालते. आरटीओला ३० दिवसांत मृत्यूची माहिती देऊन, गाडी आपण वापरणार असं कळवलं तर तीन महिने ती वापरता येते. तेवढ्या अवधीत आरसी आपल्या नावावर करून घ्यायची. दिवसकार्य, सासरचे नातेवाईक, बँक यांच्यात ते तीन महिने कसे जातात कळत नाही. तेव्हा गटातल्या दोघींनी तिच्या बरोबर आरटीओत जायला हवं. २०२१पासून आरसीवर वारस म्हणून नामनिर्देशनही करता येतं. ते आजच करून ठेवा.

रस्त्यावर

नियमांचं पुस्तक सगळं वाचत नाही, चारच गोष्टी सांगते. डावीकडून चालायचं, ओव्हरटेक उजवीकडून करायचा. सर्कलमध्ये शिरताना उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आधीच सर्कलमध्ये असलेल्याला, वाट द्यायची. झेब्रा पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. गाडीत बसलो की आपणही काल पायी चालत होतो हे विसरायचं नाही. पट्टा आणि हेल्मेट दोन मिनिटांच्या अंतरालाही. मागे कुणी हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. त्याच्या घाईची जबाबदारी आपली नाही.

अपघात झालाच, तर कलम १३४ लक्षात ठेवा. जखमीला दवाखान्यात पोचवण्यासाठी शक्य ते करायचं. पण जमाव चिडून अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची सक्ती कायदाही करत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत जाऊन सगळं सांगायचं, थांबता का आलं नाही तेही. विमा कंपनीला लेखी कळवायचं. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते, हे ठाण्यात शांतपणे सांगता आलं पाहिजे.

आपणच जखमी झालो, तर दावा आपल्या राहत्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणात करता येतो. एप्रिल २०२२पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. तिच्यावर न्यायालयात वाद झाले आहेत, पण आपण सहा महिने धरूनच चालावं.

दाव्यात बाईची किंमत काय लावतात? १९९४ साली कायद्याला जोडलेल्या तक्त्यात न कमावणाऱ्या पत्नीचं उत्पन्न नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलं होतं. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणकुमार अग्रवाल खटल्यात यावर कडक टीका केली. जानेवारी २०२१मध्ये कीर्ती खटल्यात न्यायालयाने २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीचा आधार घेतला. घरकामात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. तेव्हा दाव्याच्या अर्जात व्यवसायापुढे ‘काही नाही’ लिहू देऊ नका. ‘घरकाम’ लिहा आणि त्यात काय काय येतं ते सविस्तर लिहा. शिवण, दूध, शेतावरचं काम, सगळं.

शेवटी गटांसाठी एक काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या गाडीची आरसी, पॉलिसी आणि स्वतःचं लायसन घेऊन यावं. नाव कुणाचं, मुदत कधी संपते, ड्रायव्हरच्या कलमात काय लिहिलंय, हे मिळून वाचावं. ज्यांच्याकडे पक्कं लायसन आहे त्यांनी शिकणाऱ्या एकीच्या शेजारी रविवारी सकाळी तासभर बसावं. नियमाला लायसनवाली व्यक्ती हवी आहे, नवराच हवा असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ या. ज्यांनी कागद बरोबर आणलेत त्यांनी आधी पुढे यावं.