एक अध्याय राहिला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विद्वान वक्ता आणावा, अशी माझी सूचना होती. कार्यकारिणीने ती एकमताने फेटाळली आणि माझ्याच गळ्यात हे काम घातले. तेव्हा आज विद्वत्ता ऐकायला मिळणार नाही, याचा दोष माझ्याकडे नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

विषय मात्र माझ्या आवडीचा निघाला. रामायण-महाभारतासारख्या थोर कथा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या लांबलचक गोष्टी, माणसे पुन्हा पुन्हा का ऐकतात? शेवट ठाऊक असतो. कोण मरणार, कोण जिंकणार हे पोरासोरांनाही माहीत असते. तरी कोणी नव्या तऱ्हेने ती सांगायला बसला की आपण हातातले काम टाकून बसतोच. असे काय असते त्यात?

आपण तर पंचवटीत राहणाऱ्या. सीतागुंफेवरून भाजी आणायला जायचे, रामकुंडावरून परत यायचे. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक हे नाव पडले, असे आपण पाहुण्यांना ऐटीत सांगतो. इतरांना रामायण पुस्तकात भेटते, आपल्याला ते रस्त्यात आडवे येते. त्यामुळेच कदाचित आपले त्याच्याकडे नीट लक्ष जात नाही. माझेही नव्हते. ते एकदा कसे गेले, ते सांगते.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. आमच्या वाड्यात चातुर्मासात ओसरीवर पोथी लागे. शेजारच्या वाड्यातले एक वयस्क काका वाचायला येत. पुरुष ओसरीवर आणि बायका माजघराच्या दाराआड. माझी आजी निरक्षर होती. पण पोथीत पुढे काय येणार ते तिला काकांच्या आधी ठाऊक असे. जात्यावर बसली की सीतेच्या ओव्या तिच्या तोंडून आपोआप येत. सीतेबद्दल ती अशी बोले, की जणू ती मागच्या गल्लीतली सून आहे आणि तिचे सासर काही बरे नाही.

त्या दाराआड माझी एक आत्याही बसे. तिला सासरच्यांनी परत पाठवले होते. का पाठवले, हे घरात कोणी बोलत नसे. आम्हां मुलांना तर विचारायचीही बंदी होती. आत्या खांबाला टेकून वाती वळीत बसे आणि मान वर करीत नसे. पोथी सीतेच्या त्यागापाशी आली, की आजी काही तरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाई. आत्या मात्र उठत नसे.

एका वर्षी काकांच्या मनात काय आले कोण जाणे. स्वभावाने माणूस दयाळू. दाराआड कोण बसले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी त्यागाचा तेवढा अध्याय उलटला आणि पुढचे वाचायला सुरुवात केली. कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला, "काका, एक अध्याय राहिला."

ओसरीवर सगळे चूप. काकांनी पाने मागे घेतली आणि तो अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आत्याने वाती वळता वळता तो सगळा ऐकला.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी संसारात पडल्यावर, तिला या गोष्टीबद्दल विचारले. ती म्हणाली, "अग, साऱ्या पोथीत तेवढाच एक अध्याय माझा. तोही गाळला, तर मी तिथे बसायचे कशाला?"

मैत्रिणींनो, या विषयावर मी पुढे जे काही वाचले, त्यात आत्याच्या या उत्तरापेक्षा मोठे उत्तर मला सापडलेले नाही. मोठ्या कथेत प्रत्येकाचा एक अध्याय असतो. घरात जे कोणी बोलत नाही, ते ती कथा मोठ्याने बोलते. आणि त्या अध्यायातला प्रश्न सुटलेला नसतो, म्हणून तो पुढच्या पिढीला पुन्हा विचारावा लागतो.

आता हेच पाहा. द्रौपदीने भर सभेत विचारले, की जो स्वतःलाच आधी हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला? भीष्मांसारख्या धर्म जाणणाऱ्यालाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. व्यासांनी तो प्रश्न तसाच ठेवला, म्हणून आपल्याकडच्या लेखकांना आणि लेखिकांना तो हाती घ्यावासा वाटला. दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ साली आले, इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' १९६७ साली. इरावतीबाईंनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांत बसवले. त्याच १९६७ मध्ये शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' निघाले. त्यात कर्ण आपली कहाणी स्वतः सांगतो, आणि त्याची आई, त्याची पत्नी, त्याचा भाऊ आपापली बाजू मांडतात. कर्णावर आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनीही 'कौंतेय' हे नाटक लिहिले.

एकच कथा किती वेष घेते, याची तर गंमत वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले. गोष्ट महाभारतातली, पण पाहणाऱ्याला दिसते ती मोठ्या भावाने परस्पर लग्न ठरवलेली एक मुलगी. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिले, तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. मुलाकडे तारुण्य मागणारा ययाती खांडेकरांनी १९५९ साली कादंबरीत आणला, शिरवाडकरांनी 'ययाती आणि देवयानी' नाटकात आणला, आणि गिरीश कर्नाडांनी कानडीत. तिघांचे ययाती एकमेकांना ओळख देणार नाहीत, इतके निराळे. विज्ञानकथाही यातून सुटली नाही. जयंत नारळीकरांनी आपल्या एका विज्ञानकादंबरीचे नाव ठेवले 'वामन परत न आला'. यंत्रांच्या युगातली गोष्ट, पण नाव सुचले ते तीन पावले भूमी मागणाऱ्या बटूवरून. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला साहित्य संमेलन झाले, त्याचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, ही रुखरुख आपल्यापैकी पुष्कळजणींना आहे.

पुस्तकाबाहेरही तेच. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, पुढच्या रामनवमीपर्यंत चाललेली मालिका. आमच्या वाड्यात एकच रेडिओ. तो मध्येच खरखरला की साऱ्या बायका एकदम "श्शू" करीत, जणू रेडिओ त्यांचे ऐकणार होता! त्याची सुरुवात आठवते ना? कुश-लव रामासमोर बसून रामाचीच कथा गातात. म्हणजे ज्याला शेवट ठाऊक, ज्याच्या हातून सारे घडले, तोच श्रोता. महाभारत तरी कोणाला सांगितले गेले? जनमेजयाला, म्हणजे पांडवांच्याच पणतवाला. या कथा मुळातच घरच्यांनी घरच्यांना सांगितलेल्या आहेत. काय घडले हे त्यांना ठाऊकच असते. जे घडले त्याच्याकडे पुन्हा पाहण्यासाठी ते बसतात.

दूर उत्तरेकडे आइसलँड नावाचे बेट आहे. तिथे तेराव्या शतकात शेतकरी घराण्यांची भांडणे, सोयरिकी आणि सूड यांच्या कथा लिहून ठेवल्या गेल्या. त्यांना 'सागा' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'सांगितलेले' असाच आहे. आपल्याकडे श्री. ना. पेंडशांनी 'तुंबाडचे खोत' ही दोन खंडांची कादंबरी १९८७ साली दिली, तीही एका कोकणी घराण्याची पिढ्यांची कथा. माझ्या एका मैत्रिणीने ती जाड पुस्तके भाजी चिरता चिरता संपवली; पानांवर हळदीचे डाग आहेत, आणि ती म्हणते, "यातले निम्मे खोत माझ्या माहेरचे आहेत!"

माझी नात इंग्रजी पुस्तके वाचते. टोल्किन नावाच्या लेखकाची, १९५४-५५ साली आलेली, अंगठी नष्ट करायला निघालेल्यांची तीन भागांची कथा तिने दोनदा वाचली. मी जरा कुरकुरले, की घरचे सोडून हे काय? २०२० च्या मार्चमध्ये सारे घरात अडकून पडलो, तेव्हा दूरदर्शनने १९८७ सालचे रामानंद सागरांचे 'रामायण' पुन्हा दाखवले. नात माझ्याजवळ बसून पाहू लागली. दोन दिवसांनी म्हणाली, "आजी, माझ्या पुस्तकातही वनवास आहे, आणि मित्र सोडून जात नाहीत." मग तिने विचारले, "ज्या बाईच्या नाकावरून आपल्या गावाचे नाव पडले, तिचे पुढे काय झाले?" मला उत्तर देता आले नाही. सत्तर वर्षे पंचवटीत काढली, पण शूर्पणखा घरी कशी परतली असेल, असा विचार कधी मनात आला नव्हता. आत्याला सीतेचा अध्याय हवा होता, नातीला शूर्पणखेचा.

आणखी एक अध्याय आपल्याच दारातला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. हजारो माणसे आली, त्यांत स्त्रियाही होत्या. दरवाजे बंद राहिले, आणि तो लढा पुढे काही वर्षे चालला. राम ज्यांना आत नेऊन भेटवला नाही, त्यांनी आपल्या गावाला विचारले, की ही कथा कोणाची? आपण पंचवटीची गोष्ट पाहुण्यांना सांगताना हे पान पुष्कळदा उलटून पुढे जातो. ते उलटू नये, असे मला वाटते.

आता मुद्द्यावर येते. येत्या चातुर्मासात मंडळात रामकथेचे वाचन ठेवायचे ठरले आहे. त्यातला सीतात्यागाचा भाग गाळावा, अशी सूचना आली आहे. मुली ऐकायला असतात, शेवट गोड असावा, हा त्यामागचा हेतू. सूचना करणाऱ्या भगिनी माझ्या जवळच्या आहेत आणि आमच्या काकांसारख्याच दयाळू आहेत. दुसरे कारण असे दिले गेले, की तो भाग मूळ रामायणात नव्हता, मागाहून जोडला गेला. पुष्कळ अभ्यासक तसे मानतात, हे खरे. पण मी विचारते, मागाहून जोडला असेल, तर कोणाला तरी तो हवा होता ना? अयोध्येला परतून दिवे लागल्यावरही कोणाच्या तरी मनातले दुखणे शिल्लक होते. विदर्भाचा मानला जाणारा कवी भवभूती बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यालाही तो शेवट सोसवला नाही. त्याने आपल्या नाटकात राम आणि सीता यांची पुन्हा भेट घडवली. पण त्याग त्याने गाळला नाही. आधी तो पुरता सांगितला, रामालाही रडवले, आणि मग शेवट बदलला. बदलायचा असेल तर असा बदलावा.

आपल्या वाचनाला चाळीस-पन्नास बायका येतील. त्यांच्यापैकी कोणाच्या घरात काय चालले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. हळदीकुंकवाला सगळ्याच हसऱ्या तोंडाने येतात. त्यांत एखादी खांबाला टेकून बसलेली असेल. तिला "तुझे काय दुखते?" असे विचारायचे धाडस आपल्याला होणार नाही, तिलाही सांगवणार नाही. पण तो अध्याय वाचला गेला, तर आपल्यासारखे कोणाला तरी पूर्वी झाले होते आणि लोकांना ते सांगावेसे वाटले, एवढे तरी तिला कळेल. मग तिला बोलावेसे वाटले, तर ऐकायला आपण आहोतच. नाही तर मंडळ कशासाठी?

म्हणून माझी विनंती आहे, की वाचन सबंध व्हावे. त्या दिवशी वाचन संपल्यावर लगेच चहा न आणता अर्धा तास बोलण्यासाठी ठेवावा. मुलींनाही बसू द्यावे, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर "गप्प बसा" म्हणू नये. मंडळाच्या कपाटात 'युगान्त' आहे. 'व्यासपर्व' नाही, ते मी माझ्या घरचे देते. बाकीची पुस्तके १८४० पासून आपल्या गावात असलेल्या सार्वजनिक वाचनालयातून आणता येतील.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिच्या वातींची पितळी डबी माझ्याकडे आहे. त्यागाच्या अध्यायाच्या दिवशी मी ती घेऊन येईन आणि वाती वळीत मागे बसेन. वाचणारीने चुकून पान उलटलेच, तर मागून आवाज येईल, हे आताच सांगून ठेवते.